शेवटची ओळ तोंडपाठ

तक्ता अर्धाच पुसून झाला होता, एवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला. काकू ओलं फडकं खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात धावल्या. दूध गेलं ते गेलंच, शेगडीची भोकंही बुजली. पुसत बसायला वेळ नव्हता, कारण न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला होता. म्हणजे काका आता अंग पुसणार, कपडे घालणार आणि आधी येऊन उभे राहणार ते तक्त्यासमोर.

तक्ता म्हणजे दुकानातला डोळे तपासायचा तक्ता. वर भलंमोठं एकच अक्षर, मग खाली उतरत उतरत बारीक होत जाणारी अक्षरं, आणि सगळ्यांत खाली मुंगीएवढी ओळ. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मधे एक दार आणि दाराला एक पडदा. लग्न होऊन आल्यापासून काकू तो तक्ता बघत होत्या, आणि तेव्हापासून त्याला कुणी ओलं फडकं लावलं नव्हतं. आज त्यांना वाटलं, आपण पुसू. वरचा अर्धा भाग घासल्यावर खालून पांढरा रंग निघाला. खालचा अर्धा चहाच्या रंगाचाच राहिला. असा दुरंगी तक्ता भिंतीवर दिसला तर काका दिवसभर घर डोक्यावर घेतील. आणि तक्ता नुसता काढून ठेवावा, तर रिकाम्या खिळ्यासमोर उभं राहून ते काय करतील याची कल्पनाही करवत नव्हती.

काकूंनी तक्ता उलटून पाहिला. मागच्या बाजूलाही अक्षरं होती, वेगळी. कधी उजेड न पाहिलेली, कोरी करकरीत. त्यांनी तीच बाजू पुढे करून तक्ता खिळ्याला अडकवला. पुढची बाजू वाळली की दुपारी पुसून पुन्हा फिरवू, असं मनाशी म्हणून त्या आत वळल्या.

इथे काकांविषयी थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

काका चष्मेवाले. पण आजूबाजूच्या चार रस्त्यांवर त्यांना कुणी चष्मेवाले म्हणत नसे. सगळे म्हणत, ‘चार दिवस’. नवा चष्मा लावून गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भिंत धरत धरत परत आलं की काका मान वर न करता म्हणत, “चार दिवस. सवय होईल.”

“अहो काका, पण तो जिना—”

“वर आल्यासारखा दिसतो. चार दिवस.”

“नाही, म्हणजे मान वळवली की—”

“भिंत हलते. हलू द्या. चार दिवस.”

गिऱ्हाइकाने तोंड उघडावं आणि काकांनी त्याचं वाक्य पुरं करावं. आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरं ठरायचं. चार दिवसांनी जिना आपल्या जागी बसायचा, भिंत हलायची थांबायची आणि गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं हो. काका सांगत, “माणसाचं डोकं फार समजूतदार असतं. डोळ्यांनी वाकडी बातमी आणली की दोन दिवस कुरकुर करतं, मग म्हणतं, जाऊ दे, जग थोडं वाकडंच असेल. आणि लागतं कामाला.” एकदा दोन शेजारी गिऱ्हाइकांच्या चष्म्यांची अदलाबदल झाली होती. दोघंही एकमेकांचे चष्मे लावून काही महिने सुखात वावरले. चूक कळल्यावर काकांनी ज्याचा त्याला दिला, तेव्हा दोघांचीही डोकी दुखायला लागली. ही गोष्ट काका अभिमानाने सांगत. नक्की कशाचा अभिमान, हे काकूंना कधी कळलं नाही.

स्वतः काकांना चष्मा नव्हता. या वयात, या धंद्यात आणि चष्म्याशिवाय! रोज सकाळी आंघोळ झाली की ते दुकानाच्या दारापाशी उभे राहायचे, छाती पुढे काढायचे, आणि तक्त्याची शेवटची ओळ खणखणीत आवाजात वाचायचे. “ट, र, ग, ध, प, म, ल!” त्याच वेळी आत काकू देवापुढे बसलेल्या असत. त्यांच्या तोंडी प्रार्थना, बाहेर काकांच्या तोंडी शेवटची ओळ. दोन्ही सकाळी सकाळी एका सुरात चालत. काकूंना त्यांची प्रार्थना इतकी पाठ होती की ओठ देवाजवळ असत आणि मन भाजीत मीठ घातलं का नाही हे शोधत असे. त्यांना याची थोडी लाज वाटे. काकांना त्यांच्या ओळीची कधीच वाटली नाही.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, अलीकडे एक दुकान निघालं होतं. काचेचं दार, आत थंडगार हवा, आणि एक यंत्र, ज्यात हनुवटी टेकवून बसावं लागे. ते चालवणारी मुलगी शिकलेली होती, गोड बोलायची. काका तिला ‘यंत्रबाई’ म्हणत.

“हनुवटी टेकवायला लावते म्हणे,” काका म्हणायचे. “मी कधी कुणाची हनुवटी टेकवली? गिऱ्हाईक दारातून आत आलं की चालण्यावरून सांगतो मी नंबर.”

काकूंची मात्र यंत्रबाईशी भाजीच्या गाडीवर ओळख झाली होती. एकदा मटार निवडताना यंत्रबाई म्हणाली होती, “काकू, तुम्हाला वाटतं डोळे बघतात आणि मग डोकं समजून घेतं. बरंचसं उलटं चालतं. डोकं आधीच ठरवून बसतं, समोर काय असणार ते. मग डोळ्यांना विचारतं, हेच आहे ना? डोळे बहुधा हो म्हणून मोकळे होतात.”

काकू मटार टाकता टाकता थांबल्या. हे तर आमच्याच घराचं वर्णन झालं, त्यांच्या मनात आलं. आधी ठरवायचं, मग ‘तुला काय वाटतं’ म्हणून विचारायचं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भिंगरीला चष्मा लागला.

भिंगरी म्हणजे काकांची नात, लेकीची मुलगी. एका जागी उभी म्हणून राहायची नाही, त्यावरून पडलेलं नाव. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत पहिली येणारी. इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंबर काढून दिला, जरा मोठाच होता. चष्मा अर्थातच आजोबांनी केला. लाल दांड्यांचा, मोठ्या हौसेने. आणि चष्मा लागल्यापासून भिंगरी चौकटीला खांदा घासून दारातून जायला लागली. पाणी पेल्याच्या बाहेर ओतायला लागली. संध्याकाळी डोकं धरून बसायला लागली.

“चार दिवस,” काका म्हणाले.

चार दिवस कधीच उलटून गेले. पुन्हा विचारलं, तर पुन्हा चार दिवस. लेक म्हणाली, “बाबा, समोर नेऊन एकदा दाखवते.” त्यावर काकांनी जाहीर केलं, “माझी नात त्या यंत्रात हनुवटी टेकवणार असेल, तर मी त्याच दिवशी दुकानाची फळी कायमची ओढून घेतो. मग बसा.” काकू मधे पडल्या नाहीत. काका फळी ओढणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, पण ओढल्यासारखं तोंड करून किती दिवस बसतील तेही ठाऊक होतं.

आज काकू बुजलेल्या शेगडीशी झटापट करत होत्या, तेवढ्यात लेक भिंगरीला घेऊन आली. भिंगरीच्या गुडघ्याला पट्टी, हनुवटीला खरचटलेलं.

“आई, काल ही शाळेच्या जिन्यावरून पडली. आणि बाई काय म्हणतात माहीत आहे? मुलगी धांदरट झाली आहे, लक्ष नसतं. शर्यतीतून नाव काढलं हिचं.”

एरवी जिच्या तोंडाला कुलूप घालायला लागायचं, ती भिंगरी नुसती काकूंच्या पदराशी येऊन उभी राहिली. काकूंनी तिचा चेहरा हातात घेतला तेव्हा ती हळूच म्हणाली, “आजी, मी लक्ष देते गं. पण पायरी तिथे नसतेच.”

पोरीवर धांदरट असा शिक्का बसला होता, आणि चार दिवसांनी तिला त्याचीच सवय होणार होती.

“मी हिला आत्ता समोर नेते आहे,” लेक म्हणाली. “बाबांना तू सांग.”

“सांगते,” काकू म्हणाल्या, आणि मनातल्या मनात काकांची उत्तरं मांडून घेतली. आधी म्हणतील, फळी ओढतो. मग म्हणतील, माझ्यावर विश्वास नाही. मग जेवणार नाहीत, पण चहाला येतील. आजवर ही उत्तरं कधी मागेपुढे झाली नव्हती.

तेवढ्यात काका आलेच. धुतलेला सदरा, विंचरलेले ओले केस. पडद्यामागून सगळं ऐकलं होतं.

“समोर न्यायचं म्हणता? कशाला? माझा हात कापतो? माझे डोळे गेले?” ते लेकीला म्हणाले. “ये, ये इकडे. भिंगरे, तूही ये. बघा या वयात तुमच्या आजोबांची नजर!”

सगळी वरात पडद्याबाहेर दुकानात आली. काका नेहमीच्या जागी उभे राहिले. छाती पुढे. तक्त्याकडे बघून क्षणभर थांबले, आणि काकूंना सकाळी फिरवलेला तक्ता आठवला.

“आज किती स्वच्छ दिसतोय!” काका खूश होऊन म्हणाले, आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. “ट! र! ग! ध! प! म! ल!”

भिंगरीने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि तक्त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

“आजोबा, ट कुठे आहे?”

“शेवटच्या ओळीत. पहिलाच.”

“इथे छ आहे.”

काका हसले. “बघ, चार दिवस अजून झाले नाहीत हिचे.” मग लेकीला म्हणाले, “तू वाच गं. तिला दाखव.”

लेक पुढे झाली. “छ,” ती म्हणाली. “छ, न, व, क, स, य, ड.” मग वळून बापाकडे बघत राहिली.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी सकाळी तक्ता पुसायला घेतला होता. अर्धा पुसून झाला आणि दूध गेलं. म्हणून मागची बाजू पुढे लावली.”

“मला न विचारता?”

“तुम्ही आंघोळीला गेला होतात.”

काकांच्या मुद्रेवर बरंच काही येऊन गेलं. मग एकदम त्यांना वाट सापडली. “म्हणजे मी चुकलो कुठे? मी पुढची बाजू वाचली. पुढची बाजू मी बरोबर वाचली की नाही? एक तरी अक्षर चुकलं?”

“एकही नाही,” काकू म्हणाल्या. “पण पुढची बाजू भिंतीकडे आहे हो. भिंतीआडून वाचलीत का?”

लेकीला हसू आवरेना, तिने तोंड फिरवलं. काका चालत तक्त्याशी गेले. अजून जवळ गेले. नाक लागेल इतके जवळ गेले. मग मागे सरकले, पुन्हा पुढे झाले. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, जणू अक्षरं हाताला तरी कळतील.

“मला दिसलं होतं गं,” ते हळू आवाजात म्हणाले. “खोटं नाही बोलत. ट दिसला होता. नीट, काळा, स्वच्छ. रोज दिसतो तसा.”

ते खरंच खोटं बोलत नव्हते. गेली कित्येक वर्षं डोळ्यांना कामच उरलं नव्हतं. डोकं आपलं आधीच ओळ मांडून बसलेलं असायचं.

आणि मग काकूंना एकेक आठवायला लागलं. मागे त्यांनी साखरेचा डबा खालच्या फळीवर हलवला, तेव्हा काकांनी चहात मीठ घातलं होतं, आणि चहाची पूड बदलली म्हणून वाण्याशी भांडून आले होते. रस्त्यात शिंप्याच्या भावाला शिंपी समजून त्याच्याशी पायजम्याच्या उंचीवर बराच वेळ बोलत उभे होते. आणि वर्तमानपत्र! काका फक्त मोठे मथळे वाचायचे, आणि पुढची बातमी स्वतःच सांगायचे. “यात दुसरं काय असणार?” म्हणून पेपर घडी करून ठेवायचे. काकू समजत होत्या, हा अहंकार आहे. घमेंड आहे. लक्ष नाही, ऐकत नाहीत, स्वभावच तसा. प्रत्येक वेळी त्यांनी काकांकडे न बघताच ओळखलं होतं. काकांना तक्ता पाठ होता. काकूंना काका पाठ होते.

“माझी मोजपट्टी कुठे आहे?” काका म्हणाले.

ती खणात होती, छोटी, बारीक रेघांची. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची. भिंगाचा मध्य बरोबर बुबुळासमोर यायला हवा, नाहीतर पायरी एकीकडे आणि दिसते दुसरीकडे, हे काकूंनाही एवढ्या वर्षांत माहीत झालं होतं.

“हिच्या नाकावर धर,” काका काकूंना म्हणाले. “आणि तू वाच.”

काकूंनी मापलं आणि आकडा सांगितला. काकांनी भिंगरीचा लाल चष्मा काढून हातात घेतला, अंगठ्याने दोन्ही भिंगांचे मध्य दाखवले. “आता हे वाच.”

काकूंनी वाचलं. दोन मापांमध्ये करंगळीच्या नखाएवढा फरक होता.

“हे मोठ्या माणसाचं माप आहे,” काका म्हणाले. खाली बसले. “रोज जे येतं तेच.”

“बाबा, तुम्ही पट्टी धरली होती ना तिच्या नाकावर?” लेकीने विचारलं. “मी इथेच होते. मी पाहिलं.”

“धरली होती. धरायची सवय आहे ना.” त्यांनी लाल चष्म्याच्या दांड्या मिटल्या. “वाचली नव्हती.”

दुकानाच्या दारातून रस्ता दिसत होता. माणसं येत होती, जात होती. निम्म्यांच्या नाकावर काकांचे चष्मे. सगळी मोठी माणसं, त्यामुळे माप जवळपास जमून गेलेलं, आणि जिथे जमलं नसेल तिथे बिचाऱ्यांच्या डोक्यांनी चार दिवसांत तडजोड केलेली. सगळा रस्ता आपापल्या वाकड्या जगात कसा सरळ चालला होता. एक गृहस्थ चालता चालता काकांना हात करून गेले. काकांनीही सवयीने हात केला आणि मग काकूंना विचारलं, “कोण होतं?”

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

काकू वाट बघत होत्या. आता फळी ओढण्याची भाषा होईल. आता रुसवा. निदान ‘तू तक्त्याला हात का लावलास’ एवढं तरी. काहीच आलं नाही. अंधारात शेवटची पायरी अजून आहे समजून पाय टाकावा आणि पायाखाली आधीच जमीन लागावी, तसं त्यांना झालं.

भिंगरी आजोबांच्या गुडघ्याशी आली. चष्मा नसल्यामुळे तिने चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. “आजोबा, मग मी धांदरट नाही ना?”

“नाही गं माझी राणी,” काका म्हणाले. “धांदरट मी. आणि तुझ्या बाईंना मी स्वतः येऊन सांगेन. तुझं नाव पुन्हा घालायला लावेन.”

“आणि तुम्हाला चष्मा लागला तर?”

“लागला तर लागला.”

“मग तुमचा जिना वर येईल.”

“येऊ दे.”

“चार दिवस,” भिंगरी गंभीरपणे म्हणाली. लेक फस्सकन हसली. काकाही हसले, पण डोळे पुसत.

मग ते उठले. सदऱ्याची बटणं चाचपली, केसांवरून हात फिरवला, जणू लग्नाची मुलगी बघायला निघालेत. दारापाशी जाऊन थांबले. समोरच्या काचेच्या दारात यंत्रबाई पाटी सरळ करत होती.

“अगं,” ते काकूंना म्हणाले, “हनुवटी टेकवावी लागते म्हणे.”

“टेकवा.”

“ती म्हणेल, काका, तुम्ही स्वतः चष्मेवाले असून—”

“तिला पुरं बोलू द्या,” काकू म्हणाल्या. “मधेच तिचं वाक्य पुरं करू नका. काय म्हणते ते ऐकू या तरी.”

काकांनी मान डोलावली. “आणि ही बाकीची माणसं? सगळ्यांना परत बोलवावं लागेल.”

“आधी आपलं बघू. मग सगळ्यांचं.”

काकूंनी तक्त्याकडे एक नजर टाकली. मागची बाजू पुढे, पुढची भिंतीकडे, अर्धी पांढरी अर्धी चहाची. तशीच राहू दिली. आज प्रार्थनाही राहिली होती. परत आल्यावर करू, आणि तीही शब्दाकडे बघून, असं त्यांनी ठरवलं. लेकीने लाल चष्मा रुमालात गुंडाळून घेतला. भिंगरीने आजोबांचा हात धरला, की आजोबांनी तिचा, हे सांगणं कठीण होतं. उंबऱ्यापाशी दोघंही एकदम थांबली आणि पायाने चाचपून मगच खाली उतरली.

काकूंनी दाराला कडी घातली. आता समोरच्या दुकानात जायचं होतं. आधी भिंगरीच्या डोळ्यांचं माप घ्यायला, आणि मग काकांचे डोळे तपासून घ्यायला.